तिथी-वारासह जपलेलं एक स्वप्न: संत बहिणाबाईंना गुरू कसे मिळाले?

कार्तिक वद्य पंचमी, वार रविवार.

मराठी संतांच्या चरित्रात तिथ्या पुष्कळ येतात. कुणाचा जन्म, कुणाची समाधी, कुणाची वारी. ही तिथी मात्र एका स्वप्नाची आहे. सतराव्या शतकात कोल्हापुरात आसऱ्याला राहणाऱ्या एका ब्राह्मण कुटुंबातल्या सुनेला त्या दिवशी स्वप्न पडलं. स्वप्नात देहूचे तुकाराम महाराज आले आणि त्यांनी तिला दीक्षा दिली. तोपर्यंत तिनं तुकोबांना कधी पाहिलेलंही नव्हतं.

पुढे तिनं स्वतःच्या आयुष्याची हकिकत अभंगांत सांगितली, तेव्हा हे स्वप्नही सांगितलं. तिथी आणि वार सांगितला. गुरूंचा हात कुठे होता, मंत्र कसा मिळाला, हातात काय दिलं, हेही सांगितलं. आज मानसशास्त्राचे अभ्यासक स्वप्नांची वही ठेवायला सांगतात, तेव्हा याच गोष्टी टिपायला सांगतात. ज्या बाईला असं स्वप्न मनात जपावं लागलं, तिची ही गोष्ट.

कोणत्या बहिणाबाई?

बहिणाबाई म्हटलं की बहुतेकांना जळगावच्या बहिणाबाई चौधरी आठवतात. शेतात राबताना ओव्या रचणाऱ्या त्या बहिणाबाई 1880 साली जन्मल्या आणि 1951 साली गेल्या. इथे सांगत आहोत त्या संत बहिणाबाई त्यांच्या अडीचशे वर्षं आधीच्या. त्यांचा काळ 1628 ते 1700. म्हणजे शिवाजी महाराजांचं सगळं आयुष्य त्यांच्या डोळ्यांदेखत घडलं.

जन्म वेरूळजवळच्या देवगावचा. वडील आऊजी गावचे कुलकर्णी, आई जानकी. त्या काळच्या रीतीप्रमाणे बहिणाचं लग्न अवघ्या तिसऱ्या वर्षी झालं. नवरा गंगाधर पाठक तीस वर्षांचे बिजवर. वेदविद्या जाणणारे, ज्योतिषी, शीघ्रकोपी. सासर शिऊरचं, म्हणजे आजच्या वैजापूर तालुक्यातलं.

बहिणा नऊ वर्षांची असताना घरावर संकट आलं. भाऊबंदकी आणि कर्ज यांमुळे गाव सोडावं लागलं. आईवडील, नवरा आणि ही मुलगी असे सगळे बाहेर पडले. गोदावरीच्या काठानं, पंढरपूर करत, शिखर शिंगणापूरच्या बाजूनं, रहिमतपुरात थांबत हे कुटुंब शेवटी कोल्हापूरला पोचलं. तेव्हा बहिणा अकरा वर्षांची होती. हिरंभट नावाच्या ब्राह्मणानं त्यांना आपल्या घरी आसरा दिला.

आधी स्वप्न हिरंभटांना पडलं

गंमत म्हणजे या हकिकतीतलं पहिलं महत्त्वाचं स्वप्न बहिणाचं नाही. हिरंभटांना कुणीतरी गाय दान दिली होती. काही दिवसांनी स्वप्नात एक ब्राह्मण आला आणि ही गाय आपल्या घरी उतरलेल्या पाहुण्या ब्राह्मणाला दे, असं सांगून गेला. हिरंभटांनी ते मानलं आणि गाय गंगाधरपंतांना दिली.

त्या काळात स्वप्न ही अशी चारचौघांत बोलायची गोष्ट होती. सकाळी उठून माणूस स्वप्न घरात सांगे. कधी त्यावर निर्णयही होत. स्वप्न खरं मानावं की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी ते सांगितलं जाई, ऐकलं जाई आणि म्हणून लक्षात राही.

या गाईच्या वासराला बहिणाचा फार लळा लागला. ते तिच्या हातूनच खाई, पाणी पिई, तिच्या मागोमाग हिंडे. कोल्हापुरात तेव्हा जयराम स्वामींची कीर्तनं चालत आणि त्या कीर्तनांत तुकोबांचे अभंग गायले जात. बहिणा आईबरोबर कीर्तनाला जाई, तेव्हा वासरूही तिथे जाऊन उभं राही. लोकांना याचं नवल वाटे. जयराम स्वामींनी मुलीचं आणि वासराचं कौतुक केलं, दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला.

ही बातमी नवऱ्यापर्यंत पोचली आणि तो संतापला. आपली बायको चारचौघांत, कीर्तनाच्या गर्दीत चर्चेचा विषय होते, हे त्याला सहन झालं नाही. त्यानं तिला बेदम मारलं, बांधून घातलं. गाय-वासरानं चारा-पाणी सोडलं. पुढे काही दिवसांत वासरू मेलं. त्या धक्क्यानं बहिणा बेशुद्ध झाली आणि काही दिवस तशीच पडून राहिली.

ते स्वप्न

शुद्धीवर येताना तिला पांडुरंगाचं आणि तुकोबांचं दर्शन झालं. मग तिला तुकोबांचा ध्यास लागला. कीर्तनात ऐकलेले अभंग मनात घोळत होते. ज्यानं हे रचलं तो माणूस कधी भेटेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. अशात कार्तिक वद्य पंचमीचा तो रविवार आला.

स्वप्नात तुकोबा आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. कानात मंत्र सांगितला. तिनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग त्यांनी मंत्रगीता नावाचं एक पुस्तक तिच्या हाती दिलं. जाग आली तेव्हा तिची सगळी वृत्ती पालटली होती, असं ती सांगते.

आजच्या नजरेनं पाहिलं तर स्वप्नातली सामग्री कुठून आली हे कळायला अवघड नाही. दिवसभर ज्याचा विचार, त्याचेच तुकडे रात्री स्वप्नात येतात. सिग्मंड फ्रॉइड यांनी 1900 च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या दिवसाच्या उरलेल्या ठशांना बरंच महत्त्व दिलं. बहिणाच्या बाबतीत तो दिवसाचा ठसा म्हणजे जयराम स्वामींचं कीर्तन. डोक्यावर हात आणि कानात मंत्र ही तर दीक्षेची ठरलेली रीतच होती.

पण तिच्यासाठी प्रश्न स्वप्न कुठून आलं हा नव्हताच. प्रश्न असा होता की, हे स्वप्न सोडून तिच्याकडे दुसरं काय होतं? ती ब्राह्मणाची बायको, तुकोबा कुणबी वाणी. त्या काळच्या वर्णव्यवस्थेत ते शूद्र गणले जात. अशा माणसाला गुरू करणं तिच्या घरात अशक्य होतं. एकटीनं देहूला जाणं त्याहून अशक्य. दीक्षा मिळाल्याचा साक्षीदार नाही, कागद नाही. जे काही घडलं ते तिच्या झोपेत घडलं आणि त्याचा एकमेव पुरावा तिची आठवण. स्वप्न विसरलं असतं, तर गुरूही गेला असता.

नवऱ्याचा विरोध आणि देहूची वाट

स्वप्नाची गोष्ट पसरली तसे लोक बहिणाला पाहायला येऊ लागले. नवऱ्याला हे असह्य झालं. वेद शिकलेल्या आपल्यासारख्याला सोडून लोक बायकोच्या पाया पडतात, आणि तिचा गुरू कोण, तर तुकाराम! घर सोडून निघून जायचं त्यानं ठरवलं. बहिणा तेव्हा गरोदर होती.

पण निघण्याआधी तो स्वतःच आजारी पडला. महिनाभर अंथरुणाला खिळला. तिनं त्याची सेवा केली. त्या दुखण्यात त्याचं मन बदललं. बरा झाल्यावर तो तिच्या वाटेआड आला नाही, उलट सगळे मिळून देहूला निघाले.

देहूत पोचल्यावर बहिणाबाईंनी तुकोबांना पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं. स्वप्नात पाहिलं होतं अगदी तसेच ते दिसले, असं त्यांनी नोंदवलं आहे. त्यांच्या दृष्टीनं हा ताळा होता.

देहूत राहणं मात्र सोपं गेलं नाही. तिथल्या मंबाजी गोसाव्याला हे ब्राह्मण कुटुंब आपलं शिष्य व्हायला हवं होतं. आमचे गुरू तुकोबा आहेत असं उत्तर मिळाल्यावर त्यानं छळ सुरू केला. ब्राह्मण असून शूद्राला गुरू मानता, हा त्याचा आक्षेप. बहिणाबाई तरी हलल्या नाहीत.

तुकोबांचा गुरूही स्वप्नातला

ज्या गुरूनं बहिणाबाईंना स्वप्नात दीक्षा दिली, त्याला स्वतःलाही दीक्षा स्वप्नातच मिळाली होती. तुकोबांनी आपलं ते स्वप्न अभंगात सांगून ठेवलं आहे. तिथी माघ शुद्ध दशमी, वार गुरुवार. गंगास्नानाला जाताना वाटेत गुरू भेटले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, राघवचैतन्य आणि केशवचैतन्य अशी परंपरा सांगितली, स्वतःचं नाव बाबाजी सांगितलं आणि रामकृष्णहरी हा मंत्र दिला.

यात एक बारीक तपशील आहे. गुरूंनी जेवणासाठी पावशेर तूप मागितलं आणि स्वप्नात ते द्यायचं राहून गेलं, विसर पडला. एखाद्यानं नुसती थोरवी सांगायची म्हणून स्वप्न रचलं असतं, तर तुपाची ही गोष्ट बहुधा त्यात आली नसती. स्वप्नं अशीच असतात. त्यांत मोठ्या गोष्टीशेजारी किरकोळ, थोडी अवघडवून टाकणारी गोष्ट असते. तुकोबांनी ती गाळली नाही, आणि म्हणून साडेतीनशे वर्षांनंतरही ते स्वप्न एका माणसानं खरंच पाहिलेलं वाटतं.

दोन्ही स्वप्नांची ठेवण सारखी आहे. आधी तिथी-वार, मग कोण आलं, त्यानं कुठे स्पर्श केला, काय सांगितलं, काय दिलं किंवा काय मागितलं. अर्थ काय, हे त्यानंतर.

एरवी स्वप्नं विसरतात का?

बहुतेक स्वप्नं सकाळच्या चहापर्यंतही टिकत नाहीत. याची कारणं झोपेच्या रचनेत आहेत. 1953 साली शिकागो विद्यापीठातले युजीन ॲसरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं की, झोपेत ठरावीक वेळी बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात. अशा झोपेतून माणसाला उठवलं तर तो बहुतेक वेळा स्वप्न सांगू शकतो. झोपेचं एक आवर्तन साधारण 90 मिनिटांचं असतं आणि पहाटेच्या आवर्तनांत हा स्वप्नांचा टप्पा लांबत जातो. म्हणून आठवणारी स्वप्नं बहुधा पहाटेची असतात.

या टप्प्यात मेंदूतल्या नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या रसायनाची पातळी खूप खाली आलेली असते. नवीन आठवण पक्की करायला ते मदत करतं. त्यामुळे स्वप्न पाहिलं जातं, पण साठवलं जात नाही. जाग आल्यावर लगेच लक्ष दुसरीकडे गेलं, की उरलंसुरलंही निसटतं. विरारहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या माणसाचं असंच होतं. ऐन स्वप्नांच्या वेळी गजर वाजतो, हात मोबाईलकडे जातो, डोक्यात गाडीची वेळ येते आणि स्वप्न संपतं.

सवयीनं यात फरक पडतो. एकोणिसाव्या शतकात एर्वे द सँ-दनी या फ्रेंच अभ्यासकानं वयाच्या तेराव्या वर्षापासून आपली स्वप्नं वहीत टिपायला सुरुवात केली आणि त्या अनुभवावर 1867 साली पुस्तक प्रसिद्ध केलं. लिहीत गेलं तसं स्वप्न आठवणं वाढत जातं, हे त्याला दिसलं. ज्यांना स्वप्नं कमी आठवतात, अशा लोकांना नुसती वही ठेवायला सांगितलं तरी त्यांच्या आठवणीत भर पडते, असं पुढच्या अभ्यासांतही आढळलं आहे.

बहिणाबाईंच्या स्वप्नातून वही ठेवणाऱ्यानं काय घ्यावं?

बहिणाबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी बसून स्वप्न लिहिलं नव्हतं. त्यांचं आत्मनिवेदन नंतरच्या काळातलं आहे. इतक्या काळात आठवण थोडी घडवली जाते, तिच्यावर श्रद्धेचा हात फिरतो, हे मान्य करायला हवं. तरीही काही गोष्टी त्यांच्याकडून शिकण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, ध्यास. ज्याला स्वप्न आठवायचं आहे, त्यानं झोपताना तसं मनाशी ठरवावं. ऐकायला साधं वाटतं, पण स्वप्नांकडे लक्ष देणाऱ्यांना ती जास्त आठवतात.

दुसरी, जाग आल्यावर घाई नको. डोळे मिटून, कूस न बदलता दोन मिनिटं पडून राहावं आणि शेवटचं दृश्य धरून मागे मागे जावं. मग उशाशी ठेवलेल्या वहीत लिहावं. मोबाईलवर लिहायला गेलं तर आधी मेसेज दिसतात.

तिसरी, तिथी-वार. आज तारीख लिहावी. सोबत आदल्या दिवशी काय घडलं याची एक ओळ लिहिली, तर स्वप्नातला कोणता तुकडा कुठून आला हे नंतर कळतं.

चौथी, खुंट्या. सगळी कथा आठवली नाही तरी चालेल. कोण होतं, कुठे होतं, हाताला काय लागलं, कोणता शब्द ऐकला, एवढं लिहावं. पुढे याच खुंट्यांवर बाकीचं स्वप्न टांगलेलं राहतं. बहिणाबाईंच्या स्वप्नात हात, कान, पाय आणि पुस्तक या चार खुंट्या आहेत.

पाचवी, पावशेर तूप गाळू नये. विचित्र, किरकोळ, लाजिरवाणं वाटेल तेही लिहावं. आणि अर्थ लावायचा मोह त्या वेळी टाळावा, कारण अर्थ लावताना आपण नकळत स्वप्न बदलतो.

रोज रात्री उठून लिहायचा अट्टहास मात्र करू नये, झोप महत्त्वाची आहे. आणि तीच ती भयंकर स्वप्नं झोप उडवत असतील, तर वहीवर न थांबता डॉक्टरांशी बोलावं.

स्वप्न पाहणाऱ्यानंच ते सांगून ठेवलं तर काय फरक पडतो, हे वसईच्या लोकांना ओळखीच्या असलेल्या एका कथेवरून समजतं. 1737 ते 1739 या काळात चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांविरुद्ध वसईची मोहीम केली. वज्रेश्वरी देवीनं त्यांच्या स्वप्नात येऊन किल्ला घेण्याचा मार्ग सांगितला आणि नवस फेडायला पुढे देवीचं मंदिर उभं राहिलं, असं परंपरेनं सांगतात. पण हे स्वप्न आपल्यापर्यंत लोकांच्या तोंडून येतं, चिमाजी अप्पांच्या शब्दांतून नाही. त्यांनी काय पाहिलं, जाग आल्यावर त्यांना काय वाटलं, हे त्यातून कळत नाही. बहिणाबाईंचं स्वप्न त्यांच्या तुलनेनं साध्या, घरात कोंडलेल्या बाईचं. पण ते तिच्याच शब्दांत आहे.

शिऊरला अखेर

1650 च्या सुमारास तुकोबा गेले. बहिणाबाईंना काशीबाई ही मुलगी आणि विठोबा हा मुलगा झाला. पुढे कुटुंब शिऊरला परतलं आणि बाकीचं आयुष्य तिथेच गेलं. संसार सोडला नाही, नवऱ्याची सेवा सोडली नाही आणि तुकोबांनाही सोडलं नाही.

खरा ब्राह्मण कोण, हा प्रश्न त्यांनी नंतर थेट हाती घेतला. वज्रसूची या संस्कृत ग्रंथाच्या आधारे त्यांनी अभंग रचले. जन्म, रंग, देह यांपैकी कशानंही ब्राह्मणत्व ठरत नाही, ब्रह्म जाणतो तो ब्राह्मण, असा त्यांचा सूर. कोल्हापूरला नवऱ्याकडून आणि देहूला मंबाजीकडून जो आक्षेप ऐकला, त्याला दिलेलं हे उत्तर होतं. स्वप्नातल्या एका दीक्षेपासून निघालेली वाट इथवर आली.

अखेर जवळ आली तेव्हा मुलगा घरी नव्हता. त्याला पत्र पाठवून त्यांनी बोलावून घेतलं. जवळ बसवून आपल्या आधीच्या बारा जन्मांची हकिकत सांगितली. हा तेरावा जन्म, असं त्या मानत. 1700 साली, आश्विन शुद्ध प्रतिपदेला, वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. शिऊरला त्यांची समाधी आहे.

1929 साली जस्टिन ॲबट यांनी त्यांच्या आत्मनिवेदनाचा आणि अभंगांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला आणि मराठीतल्या एका स्त्रीनं स्वतः सांगितलेलं हे चरित्र जगभरच्या वाचकांपुढे गेलं. त्यात बांधून घातल्याचा दिवस आहे, वासराचं मरण आहे, देहूची आरती आहे. आणि एका रविवारी झोपेत डोक्यावर ठेवलेला तो हातही आहे, तिथीसकट.